चार नंबरचा शंख

एस.वाय.ला असताना आमच्या झूलॉजीच्या सरांनी मुंबईच्या मत्स्यालयाची सहल काढली, तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मी त्या निम्म्यांतली. बागलाणातून शिकायला नाशिकला आलेली, हॉस्टेलवर राहणारी. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील नामपूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या भरायचे. मला एसटीत बसवताना ते एवढंच म्हणाले होते, “नापास व्हयनी ते घर निंघी ये, पोरी.” ते रागाने म्हणाले नव्हते. नापास झाले की शिक्षण बंद, हे ठरलंच होतं.

टी.वाय.ला झूलॉजी घ्यायला मोजक्या जागा होत्या. उरलेल्यांना केमिस्ट्री. केमिस्ट्रीत मी नक्की नापास झाले असते. एक सोडून सगळ्या जागा भरल्या होत्या. त्या एका जागेसाठी दोघी उरलो होतो, मी आणि माझी बाकावरची मैत्रीण. ती नाशिकचीच, कारकुनाची मुलगी. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकातलं पान न् पान तिनंच मला मराठीत समजावून दिलं होतं. तिला केमिस्ट्री जमायची, पण नको होती. सर म्हणाले, “मत्स्यालयात स्पॉटिंग घेतो. सगळ्यांचे मार्क इंटर्नलला धरू, आणि ही जागाही त्यावरच ठरेल.”

स्पॉटिंग म्हणजे टेबलावर ओळीनं ठेवलेले नमुने ओळखायचे. सरांनी टाळी वाजवली की पुढच्या नमुन्यासमोर सरकायचं, मागे वळून बघायचं नाही. कॉलेजात ते मला छान यायचं. खरं सांगायचं तर आम्ही प्राणी कमी आणि बरण्या जास्त ओळखायचो. फॉर्मॅलिनमध्ये राहून सगळेच जीव पिवळट पांढरे झालेले. तडा गेलेल्या बरणीत समुद्रफूल, बुटक्या बरणीत हर्मिट क्रॅब, म्हणजे एक वाकडा, मऊ, सोललेल्या शेंगेसारखा खेकडा.

मत्स्यालयात सगळ्या टाक्या आपल्याच किनाऱ्यावरच्या जिवांच्या होत्या. कुठे खडकाळ किनारा, कुठे खाडीतला चिखल. सरांनी दोन मुलांना नावांच्या पाट्यांवर वर्तमानपत्रं धरून उभं केलं आणि काचांवर नंबर चिकटवले. पहिल्याच टाकीपाशी मी अडले. खडकाला चिकटून जांभळी बोटं हलत होती. ते समुद्रफूल आहे हे कळेपर्यंत टाळी झाली. बरणीत तर तो नुसता आकसलेला गोळा असायचा. कसंबसं नाव खरडून मी पुढे सरकले.

चार नंबरला खडकाच्या कडेला एक खरबरीत शंख पडला होता. चला, हा तरी सोपा, म्हणून मी ‘शंख, गॅस्ट्रोपोडा’, म्हणजे गोगलगायीचा वर्ग, असं लिहिलं. टाळी झाली. ओळीत मी शेवटची होते; पाच नंबरकडे सरकताना मी नकळत मागे पाहिलं. शंख उचलला गेला आणि आडवा चालत खडकामागे गेला. खाली पाय होते. गोगलगाय अशी चालत नाही. मी उत्तर खोडून ‘हर्मिट क्रॅब’ लिहिलं. पण रिकाम्या शंखात राहणारा खेकडा मी फक्त पुस्तकात वाचला होता. आमच्या बरणीतल्या खेकड्याला शंख नव्हताच.

बाहेर कठड्यावर बसून सरांनी कागद तपासले. “चार नंबर शंख. सगळ्यांचं बरोबर. एकीचं सोडून.” मग त्यांनी आम्हा दोघींचे मार्क वाचले. मी एका मार्कानं मागे होते.

मला वाटलं, गप्प बसावं. सरांना खोटं पाडून जागा मिळते थोडीच?

“सर, तो चालत होता.”

“काय चालत होता?”

“शंख.”

सगळे हसले. मागून एक जण म्हणाला, “सर, हिच्या गावाला नदीतसुद्धा पाणी नसतं, आणि ही समुद्र शिकवायला निघाली!”

“अहो, मी सकाळी स्वतः निवडलाय तो,” सर म्हणाले. “पाय मोजलेत?”

“नाही सर. पण दिसले.”

सरांनी घड्याळ पाहिलं. मुलांना लॅब असिस्टंटबरोबर स्टेशनकडे पाठवलं आणि आम्हा दोघींना घेऊन परत आत आले. टाकीच्या पाटीवर शंख आणि हर्मिट क्रॅब, दोन्ही नावं होती. शंख आता काचेजवळ होता. निपचित. आम्ही उभ्या राहिलो. एक छोटा मुलगा येऊन काचेवर टकटक करू लागला. मी म्हटलं, “बाळा, नको ना रे वाजवू,” तर त्यानं आणखी जोरात वाजवलं. त्याच्या आईनं त्याला ओढून नेलं. शंख हलला नाही.

“सोड ना गं,” मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली. “गाडी चुकेल. एका मार्कानं काय होतंय?”

काय होतंय ते तिलाही माहीत होतं. मला भलताच भास झाला असेल का, असं आता मलाच वाटू लागलं होतं.

“चला,” सर म्हणाले आणि वळले.

तेवढ्यात शंखाच्या कडेखालून तांबूस नांगी आली. मग देठांवरचे दोन डोळे. मग पाय.

“सर!”

सर मागे आले. चष्मा काढून काचेला नाक लावलं. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

“बरणीत घालताना आपणच त्याला शंखातून ओढून काढतो,” शेवटी ते हळू म्हणाले. खिशातून कागद काढले आणि उभ्याउभ्याच एकेकाचं चार नंबरचं उत्तर लाल पेनानं कापलं. मैत्रिणीचंही. आता मी पुढे होते. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्ही झूलॉजी घ्या.”

आम्ही अक्षरशः पळत गाडी गाठली. मुलांना बातमी कळली आणि डब्यात माझ्याशी कुणी बोलेना. सगळ्यांचाच एकेक मार्क गेला होता. घाट चढताना मैत्रीण माझ्यासमोर खिडकीशी बसली होती. मला आनंद झाला होता आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली बघत होते.

इगतपुरी आल्यावर तिनं विचारलं, “किती पाय होते गं? तू पुढे उभी होतीस, मला नीट दिसलं नाही.”

“चालायचे चार. नांग्या वेगळ्या.”

“आणि बाकीचे?”

“आत असतात. शंख धरून ठेवायला.”

तिनं मान हलवली. मग पिशवीतून डबा काढला, उघडला आणि दोघींच्या मध्ये ठेवला. पण ती जेवली नाही, आणि मलाही हात पुढे करवेना.