टीराचा बाप

आमच्या शेजारच्या सिक्स्टेनला स्वतःच्या आजोबांचं नाव आठवायला टोपी काढून डोकं खाजवावं लागतं. पण त्याच्या टीराचे पूर्वज तो अकरा पिढ्यांपर्यंत एका दमात म्हणून दाखवतो. आमच्या पाद्रींनाही अब्राहामाची वंशावळ इतकी पाठ नसेल. सिक्स्टेनने चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला, लग्न केलं नाही, आणि गुरं वळणाऱ्या, बुटक्या पायांच्या वेस्टयोटा जातीची कुत्री पाळली; टीरा त्यांतलीच. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला तिचा वंशवृक्ष भिंतीवर चौकटीत आहे. त्याच भिंतीवर येशूही आहे, पण खाली आणि लहान.

टीरा या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांची झाली. "शुद्ध रक्त, हिल्डूर!" चर्चनंतरच्या कॉफीला तो दर रविवारी मला ऐकवी. "तुमच्या त्या मुर्रेसारखी भेसळ नाही." मुर्रे आमचा गावठी कुत्रा, केव्हाच गेला. त्याचा डावा कान पडलेला असे. टीराचाही पडलेला आहे. सिक्स्टेनच्या मते ती व्हायकिंगांची खूण.

मी वेलदोड्याचा बन खाई आणि गप्प बसे. चहाडी करणं पाप आहे.

आमचा श्वान क्लब दरवर्षी सगळ्यांत म्हाताऱ्या कुत्र्याला पितळी पाटी देतो, जात कुठलीही असो. गेल्या वर्षी कुणीतरी आईच्या नावावर मुलगी आणून उभी केली, तेव्हापासून वयाचा बाहेरच्या माणसाचा लेखी पुरावा लागतो. सिक्स्टेनने पाटीसाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. टीरा आता पायऱ्या चढत नाही. पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता.

मंगळवारी तो टीराला उचलून घेऊन दारात उभा. "हिल्डूर, तू रोज वही लिहितेस ना? टीराच्या आईला पिल्लं झाली त्या दिवशी बघायला आली होतीस."

"लिहिलंय ते."

"मग दे. अख्खी वही लागते, सुटं पान चालत नाही."

"अख्खी नको नेऊस."

"का? कुणाची निंदा लिहिलीस?"

"निंदा नाही. खरं लिहिलंय."

"मग खऱ्याला कसली भीती? रोज बायबल वाचतेस की!"

आता बायबलच काढल्यावर काय करणार? मी पिल्लांच्या आधीचं, नऊ आठवड्यांपूर्वीचं पान उघडून दिलं. 'पेंटेकॉस्टच्या सणाचा रविवार. प्रवचन लांबलं. घरी आलो तर मुर्रे सिक्स्टेनच्या कुंपणात, त्याच्या कुत्रीबरोबर. बादलीभर पाणी ओतलं, पण उशीर झाला होता. बटाटे करपले.'

त्याने दोनदा वाचलं. "पण स्कारा गावाहून मी प्रदर्शनातला विजेता नर आणला होता."

"बुधवारी आणलास. तीन दिवस उशिरा."

"सतरा वर्षं गप्प बसलीस?"

"तू विचारलंस कधी? तू तर सांगतच होतास."

टीरा टेबलाखाली पडली होती, व्हायकिंगांचा कान जमिनीवर टाकून. वही नेली तर पाटी मिळणार आणि वंशवृक्ष जाणार. नाही नेली तर खिळा रिकामा राहणार. हे मी त्याला सांगितलं नाही, तोंडावरूनच दिसत होतं त्याला कळलंय ते.

त्याने वाकून टीराचा पडलेला कान उचलून पाहिला आणि म्हणाला, "मुर्रे किती जगला?"

"अठरा वर्षं, चार महिने."

"अठरा!" त्याने वही काखेत मारली.

पाटी मिळाली. मग तो वंशवृक्ष चौकटीतून काढून माझ्याकडे आला. स्काराच्या विजेत्यावर आणि त्याच्या सगळ्या राजघराण्यावर त्याने आधीच रेघ मारली होती.

"मुर्रेचा बाप कोण?"

"देव जाणे."

त्याने तसंच लिहिलं.

परवा चर्चमध्ये नवे पाद्री टीराचं वय ऐकून थक्क झाले. सिक्स्टेन छाती काढून म्हणाला, "बापाचं रक्त! आमचा मुर्रे अठरा वर्षं जगला."

'आमचा' म्हणाला. मी दुसरा बन घेतला.