व्हिएन्ना ते लंडन, अडीच तास

भुताखेतांचा विषय निघाला की उठून चहा टाकायला जाणारी मी. न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला फार्मसिस्ट आहे. कुणी भास झाला म्हणालं, तर आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारते. तरीही हे लिहितेय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या उपनगराजवळ राहायचो. आई माझ्या मोठ्या भावाकडे, सतीशदादाकडे, लंडनला गेली होती आणि तिथेच तिच्या हृदयाने दगा दिला; हॉस्पिटलात ठेवावं लागलं. धाकटा मुकुंद व्हिएन्नाला. व्हिएन्ना ते लंडन विमानाने जेमतेम अडीच तास! सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला पोचतो. मला मात्र ऑकलंड गाठून अर्धी पृथ्वी ओलांडायची होती. आईने ध्यास घेतला होता तो मुकुंदाचा. आणि तो दर फोनला म्हणायचा, "ताई, या वीकेंडला नक्की."

मला सीट मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी मी वॉर्डमध्ये फोन लावला. तिकडे आदली संध्याकाळ होती. नर्सने रिसीव्हर आईच्या कानाशी धरला.

"आई, मी आज निघतेय गं."

"नलू, मुकुंदा आलाय!" किती दिवसांनी आवाजात जीव होता... "संत्रं सोलून देतोय मला. दाढी वाढवलीय मेल्याने."

"दे बघू त्याला फोन."

"हात बरबटलेत त्याचे. तू ये सावकाश."

बरं वाटलं. रागही आला — येतोय म्हणून कळवायचं तरी! किती दिवस राहणार आहे ते त्याच्या बायकोला विचारावं, म्हणून लगेच व्हिएन्नाचा नंबर फिरवला.

फोन मुकुंदने उचलला.

"तू... घरी?"

"मग कुठे असणार? चिडू नकोस ताई, ऑफिसात फार गडबड आहे—"

"दाढी वाढवलीयस?"

तो हसला. "तुला कुणी सांगितलं?"

मी फोन ठेवून दिला. लेक विचारत होती, "मम, इज आजी ओके?" मी तिला बॅगेची चेन लावायला सांगितली.

मी विमानात असतानाच आई गेली.

एअरपोर्टवर दादा संतापलेला. "मुकुंद मला न भेटताच परत गेला. मी वॉर्डमध्ये पोचलो तर टेबलावर नुसती सालं!" फोनवरचं सगळं मी त्याला सांगितलं. 

अंत्यसंस्कारासाठी मात्र मुकुंदला अडीच तास मिळाले. आईचं सामान आणायला आम्ही तिघं हॉस्पिटलमध्ये गेलो. नर्सने त्याला लगेच ओळखलं. त्याचे हात हातात घेऊन म्हणाली, तू फोड न् फोड भरवलीस, कितीतरी दिवसांनी तिने पोटभर खाल्लं.

मला वाटलं, आता तरी म्हणेल, तो मी नव्हे.

"थँक यू," मुकुंद म्हणाला. डोळेसुद्धा पुसले.

बाहेर आल्यावर मी त्याला अडवलं. "तू आला नव्हतास, मुकुंद."

"आई समाधानाने गेली ना, ताई? मग कशाला उकरतेस?"

त्या संध्याकाळी तो दोन वेळा वाढून घेऊन जेवला.

संत्रं सोलणारं कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही. दादालाही नाही. पण जे कुणी होतं, त्याला अंतर आडवं येत नव्हतं एवढं नक्की... मग माझा चेहरा घेऊन आलं असतं तरी चाललं असतं की. पण आईला माझा चेहरा नकोच होता.