पानग्यांचा डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही आपलं एक निमित्त?

मी बालवाडीच्या तायांना प्रशिक्षण देते. विषय ठरलेला: तऱ्हेतऱ्हेच्या घरांतल्या आईवडिलांना बालवाडीत सामावून कसं घ्यायचं. त्यात एक गोष्ट मी हमखास सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला नालासोपाऱ्यात, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझी स्वतःची बालवाडी होती, तेव्हाची. खाऊची पाळी असायची — रोज एका आईने सगळ्या मुलांसाठी काहीतरी करून आणायचं. जवळच्या गास गावाच्या बाजूने येणाऱ्या रेश्माच्या आईने पानग्या आणल्या. तांदळाचं पीठ, गूळ, केळीच्या पानात भाजलेल्या. मुलांनी फडशा पाडला, बिल्डिंगमधल्या आयांनी कृती विचारून घेतली. ताया हे सगळं वहीत उतरवून घेतात.

यातल्या पानग्या तेवढ्या खऱ्या आहेत.

रेश्मा पाच वर्षांची. बाप मिठागरावर कामाला, आई थोडी भातशेती बघून सकाळी बाजारात सुकट, सुकी मासळी विकायची. बाकीची मुलं नोकरदारांची. आम्हीही त्यातलेच, साताऱ्याकडून येऊन फ्लॅट घेतलेले. पाळीची यादी लावली आणि बिल्डिंगमधल्या दोघीतिघी आयांनी मला जिन्यात गाठलं. वाईट असं काही बोलल्या नाहीत. एवढंच, की सुकट विकते ना ती, हात तेच असणार. मी नुसती हसले. सगळ्यांकडून चांगलं म्हणवून घ्यायची मला भारी हौस. अजून आहे.

डबा आला. मी तो मुलांपुढे ठेवलाच नाही. बिस्किटं वाटली, आणि पानग्या वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या गटारात टाकल्या. कितीतरी वर्षं मी मनाची समजूत घालत आले, की डब्याला सुकटीचा वास येत होता. येत होता का? नव्हता. भाजलेल्या पानाचा आणि गुळाचा वास होता, आणि मला भूकही लागली होती. वळले तर मागच्या दारात रेश्मा उभी.

दुपारी आई तिला न्यायला आली. दारातच विचारलं, “बाई, पोरांना आवाडल्या? कोनी टाकल्या नाय ना?” एकही उरली नाही, असं मी म्हटलं. ती केवढी खूश झाली. रेश्मा तिचा पदर धरून गप्प उभी होती. पोरीने घरीही तोंड उघडलं नाही — हे मला कसं कळलं? महिन्याभराने पाळी फिरून आली, तेव्हा आई दुप्पट पानग्या घेऊन आली.

त्या दिवशी बिस्किटांचे पुडे मी सकाळीच कपाटात आणून ठेवले होते. हे मुद्दाम सांगते. पहिल्या वेळी घाबरले म्हणता येईल, दुसऱ्या वेळी काय म्हणाल?

मधल्या सुट्टीत डबा जागेवर नव्हता. रेश्मा मागे, त्याच गटाराच्या कडेला, डबा मांडीवर घेऊन बसली होती. एकामागून एक पानगी तोंडात कोंबत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती थांबत नव्हती. मला बघितलं तसा तिने डबा पोटाशी घट्ट धरला. आणि मग भडाभडा ओकली.

मला सगळं समजलं. न समजायला त्यात काय होतं? आईच्या हातचं फेकलं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

आई आली तेव्हा फ्रॉक खराब झालेला, डबा अर्धा रिकामा. तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलता आलं असतं — एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, हावरटपणा केला हो हिने, पोरांच्या वाटणीचं एकटीने खाल्लं.

आईने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. मग माझ्यापुढे हात जोडले. “माफ करा बाई. असं वळन नाय लावलं आमी तिला.”

रेश्मा रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिने खरं सांगितलं असतं तर पहिल्या डब्याचंही सांगावं लागलं असतं. ते आईला कळू नये म्हणून तिने मार खाल्ला. पाच वर्षांच्या पोरीने. आणि मी काय केलं? आईला म्हटलं, जाऊ दे, लहान आहे ती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. खरं सांगू? मला हायसं वाटलं. चौकशी करायला मी कधी गेले नाही. रिक्षाने पंधरा मिनिटांची वाट होती.

परवाच्या वर्गात पानग्यांची गोष्ट पुन्हा सांगितली. मागच्या रांगेतल्या एका नव्या ताईने विचारलं, की त्या मुलीला त्या दिवशी किती बरं वाटलं असेल, नाही का बाई?

मी हो म्हटलं. तिने तेही वहीत लिहून घेतलं.