लाद्या मोजून दिलेली लेन्स

बाबा गेले तेव्हा हार घालण्याजोगा त्यांचा एकही फोटो घरात सापडला नाही. निदान आईचे तरी काढावेत म्हणून मी जुना कॅमेरा घेतला आणि लेन्ससाठी घाटकोपरच्या एका लहानशा दुकानात गेले. आईला फोटो काढून घेणं आवडत नाही. लांबून, तिच्या नकळत टिपता येईल अशी झूम लेन्स मी मागितली. एकच लेन्स परवडणार होती.

"चोरून काढलात तर आई तुमच्याकडे बघणार कशी, ताई?" म्हातारे दुकानदार म्हणाले. "खोली केवढी?"

"दहा बाय बारा."

एक लादी म्हणजे एक फूट, असं म्हणत त्यांनी दुकानातल्या लाद्या मोजल्या, दहाव्या लादीवर स्टूल ठेवलं आणि झूम नसलेली, पस्तीस एमएमची साधी, स्वस्तातली लेन्स कॅमेऱ्याला लावून दिली.

"पन्नासची घेतलीत तर आई चौकटीत मावायला मागं मागं सरकावं लागेल, पाठ भिंतीला लागेल. बघा आता. मी तुमची आई."

चष्मा पुसून, हात मांडीवर ठेवून ते बसले. मला फोकस जमेना. ते जराही हलले नाहीत.

"सावकाश गं," ते माझी आई होऊन म्हणाले, "मी कुठं जातेय?"

फोटो हललेला आला.