सायबमामंजी

अंबडहून वडीगोद्रीकडे निघालं की आमच्या शेताच्या कडेला, रस्त्याला अगदी खेटून, एका गोऱ्या शिपायाची कबर होती. इंग्रजांची पलटण जालन्यात असायची तेव्हा कुठंतरी जाताना हा वाटेतच गेला आणि त्याला इथंच पुरलं, एवढंच गावाला ठाऊक. आसपास दुसरी कबर नाही. दोन बाभळी, आमची तूर आणि तो.

गावानं त्याला साहेब करून टाकलं. साहेब म्हणजे वयानं मोठा, हे कोणी ठरवलं देव जाणे, पण ठरलं. त्यामुळे गावच्या सुना कबरीपुढून जाताना डोक्यावरून पदर घ्यायच्या आणि मान खाली घालायच्या, सासरा ओट्यावर बसलेला असावा तसं. आम्ही लेकी मोकळ्या. मी तर त्याच्यावर बसून बोरं खाल्लीत.

माझी मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको, या रिवाजात सगळ्यांच्या पुढं. तिचा खरा सासरा तिचं लग्न व्हायच्या आधीच वारला होता. ती रिकामी जागा तिनं बिनबोभाट साहेबाला देऊन टाकली. 'सायबमामंजी' म्हणायची. डोक्यावर गवताचा भारा असला तरी एका हातानं पदर ओढायची. मी चिडवायचे, "मोठी आई, मामंजी झोपलेत, बघत नाहीत."

"तुला काय कळतं? तू लेक हाईस. मला नांदायचंय इथं," ती म्हणायची.

घट बसायच्या आधी घराला चुना दिला की बादलीतला उरलेला चुना साहेबाचा. सासूनं तिला तसंच शिकवलं होतं. लहानपणी त्या दगडावरच्या अक्षरांच्या खाचा माझ्या बोटाला लागायच्या. पुढं दरवर्षीच्या हातानं त्या बुजत गेल्या आणि दगड पार गुळगुळीत झाला. मला तेव्हा ते छान वाटायचं. आता आठवलं की जीव तुटतो.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मी जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत कामाला आहे, रविवारी गावी गेले तर रस्त्याच्या कामावरचा एक माणूस कबरीपाशी उभा. माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "देऊळ आहे की दर्गा?"

मोठी आई पदराआडून म्हणाली, "देव न्हाई, पीर न्हाई. माणूस हाय तो. सायब."

आमच्या लोकांचा हा खरेपणा मला नेहमीच डोक्यात जातो. देऊळ आहे म्हटलं असतं तर रस्ता निमूट वळला असता. तरी तो माणूस म्हणाला, "नाव दाखवा. नाव असलं तर जालन्याच्या चर्चवाल्यांना कळवतो, ते रीतसर काढून त्यांच्या कबरस्तानात नेतील. नाव नसलं तर माझ्या लेखी हा नुसता ओटा आहे."

मोठ्या आईचा चेहरा उजळला. साहेबाला त्याच्या माणसांत जागा मिळावी, एवढंच तिला हवं होतं. यंत्राच्या तोंडी तो जाईल या धास्तीनं ती आठवडाभर नीट जेवली नव्हती. मी म्हटलं, "सोपं आहे. खुरपं आण, चुना खरवडते."

आणि तिथं घोडं अडलं. "मामंजीच्या अंगाला खुरपं लावती? माझ्यासमोर?" तिनं माझा हात धरला. मी चिडले, समजावलं, ओरडले. पाणी टाकून घासू का म्हटलं, तर म्हणाली, "सून हाय मी. माझ्या डोळ्यादेखत न्हाई आन माघारी बी न्हाई, सासऱ्याची साल काढायची न्हाई. त्या रस्त्यावाल्या सायबाला म्हणावं, नाव न्हाई पण माणूस बराबर हाय खाली." तो माणूस पुन्हा एकदा येऊन गेला, वाट पाहिली आणि मग त्याच्या कामाला लागला. मोठ्या आईला वाटत होतं, खाली माणूस आहे म्हटल्यावर कोण कशाला हात लावेल?

यंत्र आलं त्या दिवशी मी रजा काढून गेले होते. लोखंडी पंजा दगडाला लागला आणि इतक्या वर्षांचा चुना एका फटक्यात सुटला, भाकरीचा पापुद्रा निघावा तसा. आत अक्षरं काल कोरल्यासारखी. चुन्यानंच जपली होती. मी दोन्ही हात वर करून ओरडले, ड्रायव्हरनं लगेच थांबवलंही, पण तोवर दगडाचे तुकडे झाले होते आणि नावाचा भाग मुरमात गेला होता. आम्ही दुपारपर्यंत हातानं उकरत होतो. नाव मिळालं नाही. तळहाताएवढा एक तुकडा मिळाला.

मोठी आई बाभळीखाली बसली होती. सवयीनं पदर डोक्यावर. "वाच," म्हणाली.

"नाव नाही गं. नुसतं वय आहे. एकोणीस."

तिला आधी कळलंच नाही. "एकोणीस काय?"

"एकोणीस वर्षांचा होता तो."

मग तिनं तुकडा माझ्या हातून घेतला, मांडीवर ठेवला. डोक्यावरचा पदर काढला आणि त्यानं दगडावरची माती पुसू लागली. तिला असं उघड्या डोक्यानं रस्त्याच्या कडेला बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"लेकरू होतं की गं," ती म्हणाली. "आन मी जलमभर त्याच्यापुढून मान खाली घालून गेले. एकदा जवळ बसले न्हाई."