दुसरं वर्गमूळ

आधीच सांगते, मला असल्या गोष्टींचा राग येतो. भुतंखेतं, संचार, साक्षात्कार... कुणी काहीही सांगू दे, मी पहिलं विचारते, दार नीट लावलं होतं का? पण परवा आमची सून कॉम्प्युटरवर गणिताचा पेपर टाइप करत होती. वर्गमुळाचं चिन्ह सारखं खालच्या ओळीत पळायला लागलं तशी ती इतकी करवादली, की मला आमचा छापखाना आठवला आणि मी बोलून गेले. आता म्हणते, ग्रुपवर लिहाच. घ्या, लिहिते.

साठच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा छोटा छापखाना होता. मिस्टर ऑर्डरी आणायला देहूरोड-तळेगाव हिंडायचे, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची मी, आणि पायाने मारायचं ट्रेडल मशीन चालवायचा टाकव्याचा बबन, चांगला चाळिशीचा बाप्या. लग्नपत्रिका, चिक्कीची लेबलं... सुखात चाललं होतं. तर मिस्टरांनी दामले मास्तरांचं बीजगणिताचं पुस्तक छापायला घेतलं! "अगं, त्यात काय, आकडेच तर आहेत." आकडेच! अपूर्णांक जुळवायचा म्हणजे वर एक ओळ, मध्ये पितळी पट्टी, खाली दुसरी ओळ, आणि सगळं चिमट्याने. एक शिंक आली की पुन्हा पहिल्यापासून.

त्यात वर्गमुळाचा मोठा खिळा मुंबईहून मागवला, तो आला एकच. पत्रांवर पत्रं टाकली, उत्तर नाही. आणि मास्तरांच्या एका पानावर वर्गमूळ दोनदा! म्हणजे आधी वरचं वर्गमूळ लावून सगळे कागद छापायचे, खाली जागा कोरी सोडायची. शाई वाळली की तोच खिळा खाली लावून तेच कागद पुन्हा मशीनवर. कागद केसभर सरकला की चिन्ह आकड्यावर चढलंच.

"मास्तर, खालचं मी पेनने काढते ना," मी म्हटलं.

"वहिनी, छापील पुस्तकात पेन? पोरांना वाटेल मास्तर चुकला."

मास्तरांचा एक डोळा काचबिंदूने गेला होता. दुसऱ्याचं पुण्याला ऑपरेशन व्हायचं होतं, आणि नजर राहील की जाईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मास्तरांचा हट्ट एकच, जाण्याआधी ते पान पुरं झालेलं स्वतः बघायचं. अख्ख्या पुस्तकाचा जीव त्या पानात आहे म्हणायचे.

आणि नेमका आमचा पहिला हात, वरच्या वर्गमुळाचा, छापून झाला त्या संध्याकाळी मास्तर सांगत आले, पुण्याहून निरोप आलाय, उद्याच भरती व्हा. मी म्हटलं, "मास्तर, उद्या नाही हो जमणार. शाई ओली आहे." ते नुसतं "बरं" म्हणाले. भांडले असते तर परवडलं असतं. मी चरफडत जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा सोडला, तो खिळा काढून पदराच्या गाठीत बांधला – केरात गेला तर दुसरा कुठून आणू? – कुलूप लावलं आणि घरी आले. बबन त्याच्या एसटीने टाकव्याला गेला.

सकाळी बबनच्या देखत कुलूप काढलं. कागद उचलला... खाली वर्गमूळ. दुसरा उचलला, त्यावरही. सगळ्या कागदांवर.

"बबन! पेनने कुणी काढलं हे?"

"मला धड सही येत न्हाई वैनी, अन् म्या ह्ये काढू व्हय?"

"मग मशीन कुणी चालवलं?"

"कुलूप तर तुमीच काडलं आत्ता. खिळा बी तुमच्यापाशीच हाय न्हवं?"

गाठ सोडून पाहिली. खिळा होता.

कागद उलटा करून बोट फिरवलं. ट्रेडलवर खिळा कागदात रुततो, मागे त्याचा उठाव हाताला लागतो. पेनचा असा लागत नाही. हा लागत होता. कुणी म्हणेल, वरच्या कागदाची ओली शाई लागली असेल. ती उलटी उमटते हो! हे सुलटं होतं, जागच्या जागी, वरच्या पट्टीसकट. बबनने कागद कपाळाला लावला आणि म्हणाला, "नारळ फोडू." मी त्याच्यावर खेकसले. माझ्या छापखान्यात, माझं काम, मला न विचारता... मला भीती नाही वाटली, संताप आला.

तेवढ्यात मास्तर बॅग घेऊन दारात. स्टेशनला जाता जाता आले होते, अर्धं तर अर्धं पान बघायला. कागद नाकाला लावून एका डोळ्याने ओळ न् ओळ वाचली. खालच्या वर्गमुळापाशी थांबले ते थांबलेच.

"वहिनी, जमवलंत की हो!"

काय सांगणार? "हो, जमलं," म्हटलं.

"वरच्यापेक्षा खालचं सुबक आलंय."

वरचं माझं होतं.

ऑपरेशन फसलं. त्या पानानंतर मास्तरांनी काही वाचलं नाही. पुस्तक निघालं तेव्हा नुसतं हातात घेऊन बसले, आणि मी आत जाऊन रडले.

नंतर किती जणांना विचारलं, छापखानेवाल्यांना, प्रोफेसरांना. कुणाकडे उत्तर नाही, माझ्याकडे तर नाहीच. आणि कसं छापलं, हे मला आता कळलं नाही तरी चालेल. माझं भांडण वेगळं आहे. खिळ्यावाचून वर्गमूळ छापण्याइतकी ज्याची ताकद, त्याला म्हाताऱ्याचा एक डोळा राखता आला नसता?

विचारायचंय मला. पण कुणाला विचारू?