तुझा श्वास तू बघ

जूनमधला दुसरा रविवार, सकाळी सहा. यवतमाळचा एसटी स्टँड. हजर: आई, बाबा, मी, माझे मिस्टर, दोन बॅगा, एक गॅसची शेगडी. गैरहजर: धाकटा भाऊ, त्याची परीक्षा होती.

बावीस वर्षांपूर्वीची ही यादी अजून माझ्याकडे आहे. गाडी सुटताना आई रडली. बाबा खिडकीशी आले आणि शाळेत सूचना द्यावी तसे म्हणाले, "पाणी उकळून पेत जाय. आन् रोज दहा मिनिटं बसत जाय."

बसणं म्हणजे आनापान. डोळे मिटून आपला येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. आमच्या विहारात वंदना झाली की बाबा आम्हा पोरांना बसवायचे. पुण्यात आल्यावर पाणी मी उकळलं. बसायचं मात्र राहून गेलं. बिबवेवाडीतून खराडीला पोचायला दीड तास, तिथे तीन मजल्यांच्या ऑफिसची व्यवस्था माझ्याकडे. कुणाची कॅब, कुठला एसी, फायर ड्रिल कधी. माझ्या याद्यांवर ऑफिस चालतं, असं लोक म्हणतात. मीही म्हणते.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा एकटे राहिले आणि पुण्याला यायला तयार होईनात. "तिथं कोण हाय माया? तू तर दिवसभर आफिसात." त्यानंतर एकदा मीटिंगमध्येच माझी छाती धडधडायला लागली, हात गार पडले. ईसीजी चांगला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, काळजी कसली करता?" मी म्हटलं, "यादी आणू?" ते हसले नाहीत. गोळ्या लिहून दिल्या, समुपदेशकाकडे पाठवलं आणि रोज थोडा वेळ शांत बसायला सांगितलं.

बाबांना हे फोनवर सांगितलं. "बावीस वर्षं मी काय सांगून राह्यलो? उद्यापासून संगं बसू. फोन चालू ठेव."

मग रोज सकाळी सहाला मी फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवायची. बाबा वंदना म्हणायचे, पंचशील म्हणायचे आणि मग नुसती शांतता. तिच्यात त्यांचा श्वास ऐकू यायचा. पहिला महिना फार बरा गेला. धडधड कमी झाली. चहा मी चक्क बसून प्यायला लागले.

मग बाबांना खोकला झाला. भावाने गावी येऊन डॉक्टरांकडे नेलं, साधा निघाला, पण माझे कान तिथेच अडकले. मी वही उघडली. सोमवार, खोकला तीनदा. मंगळवार, किंचित घरघर. डोळे मिटलेले आणि हातात पेन. गाव सोडून इकडे आलेल्यांना हे कळेल, तिकडे राहिलेल्यांनी हसू नये. एका सकाळी पलीकडून काहीच ऐकू येईना. मी दहापर्यंत आकडे मोजले आणि ओरडले, "बाबा!"

"मेलो नाही वं, बसलो हाव! काय करून राह्यली तू?"

मी वहीचं सांगितलं. ते म्हणाले, "तुया श्वास तू पाह्य. माया मी पाह्यतो. उद्यापासून फोन बंद. आपापल्या घरी बसू. साडेसातले मीच फोन करीन."

दुसऱ्या दिवशी एकटी बसले ती तीन मिनिटं. खालच्या घरातला कुकर, सोसायटीत रिव्हर्स घेणारा पाण्याचा टँकर, छातीत ठोके. फोन घ्यायला हात दोनदा पुढे गेला. तेव्हा पहिल्यांदा माझा श्वास मला दिसला. जिना धावत चढलेल्या माणसासारखा, आखूड, गळ्याशीच परत फिरणारा. बाबांच्या खोकल्याचा हिशेब माझ्याकडे होता आणि आपली ही अवस्था मला ठाऊकच नव्हती. आता पंधरा मिनिटं बसते. भीती येतेच. काही दिवस ती माझ्याआधी उठून जाते, काही दिवस नाही जात. गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्यात.

पूर्वी घर म्हटलं की यवतमाळ, नंतर काही वर्षं बिबवेवाडीतला फ्लॅट. आता सकाळी सहा ते सव्वासहा दोन शहरांत दोन माणसं एकमेकांचा आवाज न ऐकता बसतात, त्याला मी घर म्हणते. ते मला पुरत नाही, हेही लिहून ठेवते.

म्हणून साडेसहाला मी बाबांच्या शेजारच्या प्रमिलाताईंना फोन करते. त्या कुंपणावरून डोकावतात आणि सांगतात, "झाडून राह्यले अंगण. ठेव आता." तासाभराने बाबांचा फोन येतो. "मायी राखण सोडली ना?" ते विचारतात. "हो बाबा," मी म्हणते. दीड तासापूर्वीच मी खोटं न बोलण्याचं शील म्हटलेलं असतं.

उद्याच्या यादीत पहिलं काम: प्रमिलाताईंबद्दल बाबांना सांगणे. गेले अकरा दिवस ते मी पुढच्या पानावर उतरवते आहे.